दात आवळले की कानातला आवाज वाढतो. जबडा, मान आणि ताण यांचा त्याच्याशी खरंच संबंध असतो का?

मुक्ता

माझं काम मालिकांची सबटायटल तपासायचं. दिवसभर हेडफोन लावून एकेक वाक्य मागेपुढे करत ऐकायचं, अक्षरं बोलण्याबरोबर पडद्यावर येतात की नाही ते बघायचं. कानावरच पोट आहे म्हणा ना. आणि गेले काही महिने त्याच कानांत एक बारीक, सलग आवाज येतोय. जुना डबा टीव्ही नुसता चालू असला तरी जो सूक्ष्म 'ईऽऽऽ' ऐकू यायचा, थेट तसा. दोन्ही कानांत आहे, डावीकडे किंचित जास्त.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं. मळ नाही, पडदा ठीक, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, नॉर्मल. "टिनिटस आहे, ताण घेऊ नका, सवय होईल," एवढंच सांगितलं. ताण घ्यायचा नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते विचारायच्या आत पुढचा पेशंट खुर्चीत बसला होता.

मला पडलेलं कोडं वेगळंच आहे. दात घट्ट आवळले की आवाज लगेच चढतो. खालचा जबडा पुढे काढला की त्याची पट्टीच बदलते. मान डावीकडे पूर्ण वळवली तरी तेच. काम अंगावर आलेलं असतं त्या आठवड्यात सकाळी उठताना कानशिलं ठणकत असतात आणि त्या दिवशी आवाज हमखास मोठा. घरी सांगितलं तर "तू सारखं तिकडेच लक्ष देतेस" हे ऐकावं लागतं. आवाज कानातला असेल तर तो जबड्याने कसा बदलेल? की सगळं माझ्या मनाचंच आहे? आणि रात्री काय करायचं? दिवे मालवले की खोलीत तो आवाज आणि मी, दुसरं काही उरतच नाही. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

विहंग

सविस्तर लिहिणारे येतीलच, मी आधी एवढंच सांगतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू सैल पडली असेल, तर हे धागे वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी गाठा. माझ्या भावाला एका सकाळी उजव्या कानाने फोनवरचं बोलणंच कळेना, आत नुसतं घोंघावत होतं. सर्दीने दडा बसला असेल म्हणून तो थांबणार होता, वहिनीने ऐकलं नाही आणि ताबडतोब नेलं. अचानक आलेला बहिरेपणा निघाला आणि स्टेरॉइड लगेच सुरू झाली. हा इलाज पहिल्या दोन आठवड्यांत, जितका लवकर तितका बरा.

तुम्ही घेत असलेल्या औषधांची यादीही दाखवा. जास्त डोसातली ॲस्पिरिन, क्विनीन, लघवी वाढवणारी काही औषधं, अँटिबायोटिकची काही इंजेक्शनं यांनीही असा आवाज येतो. मात्र कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करू नका.

शलाका

मुक्ता, मी दंतवैद्य आहे आणि हा आवाज माझ्याही कानात आहे, बरीच वर्षं. आत्ता हे टाइप करतानाही आहे. पेशंटच्या डोक्यावर उजवीकडे वाकून उभं राहायचं, खांदा वर चढलेला, आणि कानाजवळ एअरोटरची, म्हणजे दात कोरायच्या यंत्राची, किंकाळी, असं माझं कामाचं आयुष्य. जबडा हा माझा विषय आणि कान हे माझं दुखणं, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

तुमच्या मनाचं काही नाही. तुम्ही जे टिपलंय ते अगदी बरोबर आहे आणि त्यामागे शरीरातली खरी जोडणी आहे. कानाची नस मेंदूच्या देठात शिरते तिथे तिचं पहिलं ठाणं असतं, कॉक्लियर न्यूक्लियस. तिथे एकट्या कानाचे संदेश येत नाहीत. चेहऱ्याची आणि जबड्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या सगळ्यात वरच्या मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा, यांचेही धागे तिथेच येऊन मिळतात. चावताना, बोलताना होणारा आवाज आपला स्वतःचाच आहे हे ओळखून मेंदूने तो दाबावा, यासाठी ही सोय असावी असं मानतात. पण आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी थोड्या जरी झिजल्या आणि कानाकडून येणारे संदेश रोडावले, की या ठाण्यातल्या पेशी आपणहून जास्त चेतू लागतात, आणि जबड्या-मानेकडून येणाऱ्या धाग्यांचा त्यांच्यावरचा जोर वाढतो. मिशिगन विद्यापीठात संशोधक सुझन शोर यांनी वर्षानुवर्षं याच ठाण्यावर काम केलंय. ठरावीक आवाज आणि त्याच्याशी वेळ जुळवून मानेला किंवा गालाला दिलेला सौम्य विद्युत झटका, असा त्यांचा उपाय आहे. त्याची ९९ जणांवरची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि बऱ्याच जणांचा आवाज त्या काळात खरोखर कमी झाला होता.

त्याआधी १९९९ मध्ये डॉक्टर रॉबर्ट लेव्हिन यांनी तुम्ही घरी केलं तेच दवाखान्यात करून पाहिलं होतं: दात आवळायला लावायचे, कपाळ तळहातावर दाबायला लावायचं आणि आवाज बदलतो का ते विचारायचं. टिनिटस असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांचा बदलतो. त्यामुळे एक सावधगिरी. दात आवळल्यावर आवाज वाढला एवढ्यावरून मूळ जबड्यातच आहे असं ठरत नाही. पण त्याच्या जोडीला सकाळची ठणकणारी कानशिलं, कामाच्या गर्दीत वाढणं, मान वळवल्यावर बदलणं, हे सगळं तुमच्याकडे आहे. तेव्हा जबडा आणि मान नीट तपासून घ्याच.

आता एक करून बघा. दोन्ही करंगळ्या कानाच्या भोकात हलक्या ठेवा, बोटाच्या टोकाची मऊ बाजू पुढे गालाकडे करून, आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाला काहीतरी सरकताना लागेल. तो जबड्याचा सांधा. कान आणि सांधा यांच्यामध्ये एक पातळ भिंत आहे, बस्स. मग गालावर, जबड्याच्या कोपऱ्याशी बोटं ठेवून दात आवळा. जो गोळा टम्म फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू, मॅसेटर. दात सोडल्यावरही तो दगडासारखा लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल, किंवा दाबताना कानातला आवाज हलत असेल, तर तिथे काम करायला जागा आहे. दुसरा महत्त्वाचा स्नायू कानाच्या मागच्या हाडापासून सुरू होऊन तिरका छातीच्या हाडापर्यंत उतरतो. मान वळवली की दोरीसारखा वर येतो तोच. पडद्याकडे हनुवटी पुढे काढून बसणाऱ्याचा तो आखडतोच, आणि कवटीच्या तळाशी असलेले मानगुटीचे बारके स्नायूसुद्धा. कानाच्या आतही एक स्नायू आहे, पडदा ताणून धरणारा, टेन्सर टिंपनी. त्याला जी नस जाते त्याच नसेच्या फांद्या चावण्याच्या स्नायूंना जातात. जबडा आवळलेला असताना काहींना कानात फडफड होते किंवा दडा बसल्यासारखं वाटतं, ते बहुधा याच्यामुळे.

विश्रांतीत जबडा कसा असावा? ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला टेकलेली. वरच्या-खालच्या दातांमध्ये दोनतीन मिलिमीटर फट. दात एकमेकांना टेकावेत ते चावताना आणि गिळताना. पण एकाग्रतेने काम करणारी माणसं तासन्‌तास दात लावून बसतात आणि त्यांना पत्ताही नसतो. मी माझ्या दिव्याच्या मुठीवर एक छोटा हिरवा ठिपका चिकटवलाय. दिवा फिरवायला हात गेला, ठिपका दिसला, की दात सुटे आहेत का ते बघायचं आणि श्वास सोडताना खांदे खाली. तुम्हाला फाइल सेव्ह करायचं बटण त्यासाठी चालेल. घड्याळ लावून व्यायाम करण्यापेक्षा मला याचा कितीतरी जास्त उपयोग झाला, कारण आवळणं दिवसभर थोडंथोडं साचत जातं, ते तसंच दिवसभर सोडवावं लागतं.

संध्याकाळी मॅसेटर आतून मोकळा करता येतो. हात स्वच्छ धुवा, अंगठा गालाच्या आतून आणि बोटं बाहेरून, आणि स्नायूची कडक पट्टी चिमटीत धरून अर्धं मिनिट हलका दाब. दुखून डोळ्यांत पाणी येईल इतका नाही. मानेसाठी हनुवटी सरळ मागे ओढायची, मान वाकवायची नाही. बाकी व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मान कडाकड मोडून देणाऱ्यांच्या हातात मात्र ती देऊ नका.

ताणाचं आता. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. म्हणजे शांततेत मेंदूची ही गुणगुण बहुतेक सगळ्यांना ऐकू येऊ शकते. त्रास होतो तो मेंदूने तिला धोका समजलं की. १९९० मध्ये संशोधक पावेल यास्त्रेबॉफ यांनी हेच मांडलं: कानाच्या वाटेवरचा संदेश भीतीच्या आणि सावधपणाच्या यंत्रणेला जाऊन जोडला जातो, आणि मग ती यंत्रणा त्याच्यावर पहारा ठेवते. मशीनवर जुळवून मोजला तर बहुतेकांचा आवाज ऐकू येण्याच्या सीमेपेक्षा थोडाच वर असतो, अनेकदा १० डेसिबलच्याही आत. तरी तो डोकं व्यापून टाकतो. ताण आला की पहारा कडक होतो, दात आवळले जातात, झोप उडते, आणि यातलं प्रत्येक दुसऱ्याला वाढवत नेतं. म्हणून "ताण घेऊ नका" या सल्ल्यापेक्षा "जबडा सोडा आणि झोप सांभाळा" हे हातात धरण्यासारखं आहे. तिथून साखळी ढिली करता येते.

आणि आज आवाज किती आहे ते रोज सकाळी मोजू नका. दातांचा, मानेचा व्यायाम करून झाल्यावर कान लावून "गेला का?" हे बघणंही नको. तोही पहाराच.

सुहास

शलाकाताईंनी चांगलं लिहिलंय, पण दुसरी बाजूही इथे असू दे. माझी उमेदीची वर्षं छापखान्याच्या यंत्रांत गेली. जबड्याचं झालं, मानेचं झालं, मनापासून केलं. मान मोकळी झाली, डोकेदुखी गेली, आवाज तसूभर हलला नाही. माझं ऐकणं ४००० हर्ट्झच्या आसपास बरंच गेलंय, तो आवाज तिथलाच. मला फरक पडला तो श्रवणयंत्राने. बाहेरचं जग पुन्हा ऐकू यायला लागलं आणि आतला आवाज मागे सरकला. दिवसा तर तासन्‌तास आठवतसुद्धा नाही. स्नायूंवर मेहनत घेऊनही ज्यांचं काही होत नाही त्यांनी "आपलंच काही चुकतंय" असं मानून झुरू नये, म्हणून लिहिलं.

शलाका

सुहासदादा, अगदी खरं. कानाचं नुकसान हा पाया असतो, जबडा आणि मान त्यावर भर घालतात. ज्याच्यात पायाच मोठा आहे त्याला स्नायूंनी थोडंच मिळेल. आणि श्रवणयंत्राचं तुम्ही सांगितलंत ते फार मोलाचं आहे. ऐकू कमी येत असूनही माणसं ते लावायला लाजतात आणि आवाजाशी झगडत बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

केतकी, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ)

मुक्ता, तुमच्या ऑडिओग्रामबद्दल. नेहमीची तपासणी ८००० हर्ट्झपर्यंतच होते. तरुण कान साधारण २०,००० पर्यंत ऐकतो. तेव्हा "नॉर्मल" म्हणजे बोलणं ऐकण्याच्या पट्ट्यात सगळं ठीक आहे, एवढाच अर्थ. १६,००० हर्ट्झपर्यंतची तपासणी काही ठिकाणी होते. तुमच्या कामासाठी ती करून ठेवा, पुढे तुलनेला आधार राहील. डावीकडे जास्त वाटतोय, तर दोन कानांच्या आकड्यांत फरक आहे का तेही विचारा. फरक असेल तर पुढची तपासणी लागते.

हेडफोनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा आहे. तुमचे तास आधीच तेवढे होत असणार, म्हणून आवाज त्याच्या बराच खाली ठेवा. कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरलात तर बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि आवाज वाढवावा लागत नाही. उलट शांत खोलीत इअरप्लग घालून बसू नका. भीतीपोटी अनेक जण तसं करतात, आणि मेंदू त्या शांततेत आणखी कान टवकारतो.

रात्रीसाठी खोलीत पावसाचा, पंख्याचा, कसलाही एकसुरी आवाज हळू लावा. इतका हळू की तुमच्या कानातला आवाज त्याच्या खालून ऐकू येत राहील. पूर्ण बुडवायचा नाही. दोन्ही एकत्र ऐकू आले की मेंदू कानातल्या आवाजाला बिनमहत्त्वाच्यांत टाकायला शिकतो, असं मानतात. स्पीकरवर लावा, कानात खुपसून नको. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी संथ करा, अंथरुणात त्याच्याशी भांडत पडू नका.

उपायांमध्ये सगळ्यात भक्कम पुरावा सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याच्या मानसोपचाराचा आहे. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २८ चाचण्या, २,७३३ माणसं होती. आवाजाची पातळी त्याने घटत नाही, त्याचा जगण्यावरचा जाच घटतो. "मानसोपचार म्हणजे मला वेडं ठरवताय" असं कृपया वाटून घेऊ नका. जिंको, मेलाटोनिन, झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या सूचनांत या तिन्हींची शिफारस करू नये असंच म्हटलंय.

मुक्ता

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. करंगळ्यांचं करून बघितलं. डावा सांधा उघडताना कट्‌कन वाजतो, उजवा नाही. डावा मॅसेटर दाबला तर इतका दुखला की मी दचकलेच, आणि दाबून धरल्यावर आवाजाची पट्टी वर गेली. "ती सारखी तिकडेच लक्ष देते" म्हणणाऱ्यांना शलाकाताईंचा प्रतिसाद वाचायला दिला. आईने वाचून झाल्यावर माझ्या गालाला हात लावून बघितला, काही बोलली नाही, पण त्यानंतर ते वाक्य पुन्हा ऐकलेलं नाही. हेडफोन कमी केलाय, सेव्ह करताना खांदे सोडतेय.

शलाकाताई, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. झोपेत दात खात असेन तर ते तयार मिळणारं, गरम पाण्यात टाकून बसवायचं माउथगार्ड घेऊ का? आणि खरं खरं सांगा, हा आवाज जाईल का?

शलाका

मुक्ता, दुसऱ्याचं आधी. सुरू होऊन फार काळ झाला नसेल आणि स्नायूंशी इतका स्पष्ट संबंध असेल तर तो बराच खाली येण्याची शक्यता चांगली असते, काहींचा थांबतोही. तुमचा थांबेलच असं वचन कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही, मीही देत नाही. माझा थांबलेला नाही. तरी मी नीट झोपते, पेशंट बघते, गाणं ऐकते, आणि बहुतेक दिवशी कोणी विचारलं तरच तो आहे हे ध्यानात येतं. सुरुवातीच्या दिवसांत मला हे कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, तेव्हा तुम्हाला आज पटलं नाही तरी चालेल.

तयार माउथगार्ड नको. ते मऊ असतं, आणि मऊ वस्तू दातांत आली की काही जण झोपेत ती जास्तच चावतात. सकाळी स्नायू आणखी दुखतात. दंतवैद्याकडून माप देऊन कडक ॲक्रिलिकचं स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारं आवरण, करून घ्या, बहुतेक वेळा वरच्या दातांवर बसतं. त्याने दात खाणं बंद होत नाही. दातांची झीज वाचते आणि सांध्यावरचा भार पसरतो, मग पुष्कळांचा सकाळचा ठणका कमी होतो. बसवल्यावर पुन्हा एकदोनदा जाऊन ते घासून नीट करून घ्यावं लागतं, ते टाळू नका. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते, तेवढं चालायचंच. पण सकाळी काढल्यावर दात नेहमीसारखे जुळत नाहीत असं वाटलं आणि अर्ध्या तासात ते पूर्ववत झालं नाही, तर घालणं थांबवून दाखवायला जा. सांधा वाजतो पण दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतंय, तर त्या वाजण्यासाठी काही करायची गरज नाही. आणि कोणी तुमचे चांगले दात घासून चावा बदलून देतो म्हणालं, तर नाही म्हणा. घासलेला दात परत येत नाही.

दाखवायला जाताना कानातल्या आवाजाचं आवर्जून सांगा, कारण दातांच्या दवाखान्यात तो प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तिथे दातांवरचं कीटण साफ करायला अल्ट्रासोनिक यंत्र वापरणार असतील तर मधेमधे थांबायला सांगा, आणि फार त्रास होत असेल तर त्याच्याऐवजी हाताने साफ करून द्या म्हणा. आम्ही करून देतो.